दोघांतला तिसरा

इंटरनेटवर एखादं कनेक्शन लागेनासं झालं, की दोन्ही टोकांची माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात. सर्व्हर सांभाळणारा म्हणतो, "आमच्यापर्यंत काही आलंच नाही." या बाजूचा म्हणतो, "आम्ही पाठवलंय, हा बघा लॉग." बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. मध्ये बसलेल्या राउटरने पॅकेटवरचा पत्ता खोडून दुसरा लिहिलेला असतो, त्या खाडाखोडीची नोंद स्वतःजवळ ठेवलेली असते आणि पुष्कळदा ती नोंद कोणालाही न विचारता पुसूनही टाकलेली असते. ही नोंद कधी होते, कधी जाते आणि अडचणीच्या वेळी ती कशी वाचायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मराठीत नेटवर्कवर जे लिखाण माझ्या पाहण्यात आलं, ते बरंचसं परीक्षेच्या दृष्टीने केलेलं. सात थरांची आकृती, प्रत्येक थराची व्याख्या, शेवटी स्वाध्याय. पण महाराष्ट्रात नेटवर्क चालवणारी माणसं निराळीच आहेत. जिल्हा बँकेच्या शाखा मुख्य कार्यालयाशी जोडून ठेवणारा तंत्रज्ञ, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा आकडा ऑफिसातल्या सर्व्हरपर्यंत पोचवणारा मुलगा, तालुक्याच्या गावात खांबाखांबांवरून फायबर ओढणारा केबलवाला. यांचं शिक्षण कामावरच होतं आणि त्यातला पहिला धडा असतो, "राउटर बंद करून चालू करा." या उपायावर माझा राग आहे, आणि तो लागू पडत नाही म्हणून नव्हे, लागू पडतो म्हणून. वीज काढली की राउटरमधल्या सगळ्या नोंदी जातात, कोरी पाटी मिळते, तक्रार मिटते. सोबत पुरावाही जातो. चार दिवसांनी तीच तक्रार पुन्हा येते आणि तीच वीज पुन्हा काढली जाते.

दुखण्याचं मूळ नॅटच्या, म्हणजे पत्ते बदलण्याच्या या पद्धतीच्याही आधीचं आहे. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली जो आराखडा मांडला, त्यातून पुढे टीसीपी घडला आणि १९८१च्या आरएफसी ७९३मध्ये त्याचं बरीच वर्षं टिकलेलं रूप पक्कं झालं. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिले जातात ते क्रमांकित दस्तऐवज. त्या नियमानुसार एक कनेक्शन ओळखायचं ते चार आकड्यांवरून : इकडचा पत्ता, इकडचा पोर्ट, तिकडचा पत्ता, तिकडचा पोर्ट. यातला एक आकडा बदलला, तर ते कनेक्शनच वेगळं. शिवाय पॅकेट चुकून भलत्याच यंत्राकडे गेलं तर कळावं म्हणून टीसीपीच्या चेकसममध्ये दोन्ही आयपी पत्तेही मिसळले गेले. म्हणजे पत्ता हा खालच्या थराचा कारभार, पण वरच्या थराने तो आपल्या ओळखीत कायमचा गुंफून टाकला. त्या काळात यात वावगं काहीच नव्हतं. प्रत्येक यंत्राला जगात एकमेव पत्ता असणार, आणि तो प्रवासात कोण कशाला बदलेल?

बदलावा लागला तो टंचाईमुळे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं होतं. पॉल फ्रान्सिस आणि टोनी एंग यांनी १९९३ साली पत्ते पुन्हापुन्हा वापरण्याची कल्पना एका निबंधात मांडली. मे १९९४मध्ये केल्ड एगेवँग आणि फ्रान्सिस यांचा आरएफसी १६३१ आला. नवी आवृत्ती तयार होईपर्यंतचा तात्पुरता उपाय, अशीच त्यात मांडणी आहे. त्याच सुमारास पिक्स नावाचं यंत्र बाजारात आलं आणि पुढच्याच वर्षी सिस्कोने ते बनवणारी कंपनी विकत घेतली. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते सर्वांना मोकळे करून देणारा आरएफसी १९१८ फेब्रुवारी १९९६चा. त्याआधी १९९४मध्येच या खासगी पत्त्यांच्या विरोधात एक आरएफसी निघाला होता, त्याच्या शीर्षकातच हा प्रकार घातक असल्याचं म्हटलं होतं. भांडण तेव्हापासून चालू आहे.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. डायल-अपवर जो येईल त्याला एक पत्ता. पण सायबर कॅफेच्या दिवसांत एका टेलिफोन लाइनवर पाच-सहा संगणक चालवायचे होते, आणि १९९९च्या विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत कनेक्शन वाटून घेण्याची सोय आयतीच मिळाली. पुण्यामुंबईतल्या कित्येक कॅफेवाल्यांनी नॅट हे नाव न ऐकताच नॅट चालवला. लिनक्सच्या बाजूला रस्टी रसेल यांच्या पुढाकाराने झालेलं नेटफिल्टर जानेवारी २००१च्या २.४ आवृत्तीतून आलं. आज घराघरांतल्या स्वस्त राउटरांच्या पोटात बहुधा त्याचाच कुठलातरी अवतार असतो. म्हणून या पुस्तकाच्या लेखिकेने सगळं विवेचन त्याच्याच आधाराने केलं आहे, आणि ते योग्यच आहे.

राउटरची नोंद म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. लिनक्सवर कॉनट्रॅक या आज्ञेने सगळी यादी समोर येते. त्यातली एक ओळ घेऊ. सुरुवातीला टीसीपी आणि त्याचा क्रमांक ६. मग ४३१९९९ हा आकडा. ही नोंद आणखी इतके सेकंद जगणार, म्हणजे पाच दिवसांना एक सेकंद कमी. मग जुळलेल्या कनेक्शनची अवस्था. त्यापुढे पत्त्यांची पहिली जोडी : १९२.१६८.१.२० या घरातल्या यंत्राच्या ५१५१४ पोर्टवरून १९८.५१.१००.५ या सर्व्हरच्या ४४३ पोर्टकडे. त्यापुढे दुसरी जोडी : १९८.५१.१००.५च्या ४४३वरून २०३.०.११३.७च्या ५१५१४कडे. पहिली जोडी म्हणजे घडलेली गोष्ट. दुसरी म्हणजे उत्तर कसं येईल याबद्दलची राउटरची अपेक्षा, आणि तिच्यात घरातला पत्ता कुठेच नाही, राउटरचा बाहेरचा पत्ता आहे. नॅट कुठे आहे असं विचारलं, तर तो या दोन जोड्यांमधल्या फरकात आहे. उत्तर अजून आलंच नसेल तर ओळीत तसा शेरा असतो. निम्मी दुखणी त्या एका शेऱ्यावरून ओळखता येतात : पॅकेट आपल्याकडून गेलंय, परत काही आलेलं नाही, तेव्हा आता घरात शोधत बसू नका.

अशा मधल्या गड्याचं करायचं काय, यावर तीस वर्षांत जी मतं पडली त्यांतूनच या क्षेत्रातले पंथ उभे राहिले. नवख्याला ते माहीत नसतील तर त्याला दोन जाणकारांचे सल्ले एकमेकांच्या उलट का आहेत हे कळत नाही.

सर्वांत जुना पंथ शुद्धतावाद्यांचा. साल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी मांडलेला विचार असा की शहाणपण टोकांना असावं, मधलं जाळं शक्य तितकं साधं असावं. त्यांचा तो निबंध १९८४चा. त्या चष्म्यातून नॅट हे पापच. टोनी हेन यांचा नोव्हेंबर २०००चा आरएफसी २९९३ वाचावा, त्यात नॅटमुळे इंटरनेटच्या रचनेचं काय काय बिघडतं याचा पाढा आहे. या मंडळींचं उत्तर एकच : आयपीच्या सहाव्या आवृत्तीकडे चला.

याच्या नेमका उलट विचार, राउटरलाच शहाणं करा, असा. जुना एफटीपी हे त्याचं ठळक उदाहरण. फाईल पाठवण्याआधी क्लायंट सर्व्हरला सांगतो, "मला या पत्त्यावर, या पोर्टवर गाठ," आणि हे तो पॅकेटच्या पोटात साध्या अक्षरांत, स्वल्पविरामांनी तोडलेल्या सहा आकड्यांत लिहितो. पत्ता अर्थातच १९२.१६८चा, बाहेरच्याला निरुपयोगी. मग राउटरमध्ये एक मदतनीस घालायचा, तो हा मजकूर वाचून त्यात बाहेरचा पत्ता लिहितो. इथवर ठीक. पण नवा पत्ता जुन्यापेक्षा दोन अक्षरांनी लांब वा आखूड असू शकतो, आणि टीसीपी तर प्रत्येक बाइट मोजतो. म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक पॅकेटचा अनुक्रम आणि प्रत्येक पोचपावती राउटरने तितक्या फरकाने सुधारत राहायची, कनेक्शन संपेपर्यंत. फोनच्या सिप या प्रोटोकॉलसाठी असेच मदतनीस निघाले आणि त्यांनी इतका घोळ घातला, की इंटरनेटवरून फोन पुरवणारे ग्राहकाला सर्वांत आधी ती सोय बंद करायला सांगतात.

तिसरा पंथ म्हणाला, राउटरला काही सांगू नका, त्याला चकवून वाट काढा. बाहेरच्या एका सर्व्हरला विचारायचं, "मी तुला कुठल्या पत्त्यावरून दिसतोय?" हे स्टन, २००३चं. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पॅकेटं सोडून राउटरांत भोकं पाडायची. ब्रायन फोर्ड, पायडा श्रीसुरेश आणि डॅन केगेल यांनी २००५ साली हे तंत्र मोजून पाहिलं : तपासलेल्या नॅटपैकी सुमारे ८२ टक्के यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलला वाट देत होते, टीसीपीला ६४ टक्के. उरलेल्यांसाठी टर्न, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत सगळी वाहतूक. आणि यातलं जे चालेल ते शोधून काढणारं आइस. आज ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल लागतो तो यांच्या जोरावर. श्रीसुरेश यांचं नाव नॅटच्या पायाभूत दस्तऐवजांतही आहे, हे जाता जाता नोंदवतो. नॅट बसवणारे आणि त्यातून वाट काढणारे नेहमीच परस्परांचे शत्रू होते असं नाही.

चौथा, माझ्या मते सर्वांत कमी कौतुक झालेला गट, बिहेव या कार्यगटाचा. त्यांनी ना शिव्या दिल्या ना पळवाट शोधली. नॅट राहणार आहे तर तो कसा वागावा एवढं लिहून काढलं. यूडीपीसाठी २००७चा आरएफसी ४७८७, टीसीपीसाठी २००८चा ५३८२. तक्रार आली की दोष कोणाचा हे ठरवायला मापदंड लागतो, तो या दोन दस्तऐवजांनी दिला. लेखिकेने त्यांचा उपयोग कायद्याच्या पुस्तकासारखा केला आहे आणि मला तो फार आवडला.

मापदंडाचं मोल वेळेच्या प्रश्नात कळतं, कारण गप्प बसलेलं कनेक्शन मरणं ही या विषयातली सर्वांत नित्याची तक्रार. माणूस जेवायला जातो, परत येऊन टर्मिनलवर अक्षर दाबतो, काही उमटत नाही. डेटाबेसशी जोडलेला प्रोग्राम रात्रभर निवांत असतो आणि सकाळची पहिली विचारणा लटकते. टीसीपीच्या दृष्टीने कनेक्शन शाबूत आहे, कोणी बंद केलेलंच नाही. दोघांतल्या तिसऱ्याने मात्र नोंद पुसली आहे. क्लोकरूमच्या पावतीसारखाच हा प्रकार, मुदत टळली की सामान तुमचं असूनही खिडकीवरचा माणूस ओळख देत नाही. मुदत किती असावी? समोरचं यंत्र जिवंत आहे का याची टीसीपीची विचारपूस, म्हणजे कीपअलाइव्ह, वेगळं काही सांगितलं नसेल तर दोन तासांच्या आत करू नये असा १९८९चा जुना दंडक. त्यावरून बिहेवने नॅटला सांगितलं, जुळलेलं कनेक्शन २ तास ४ मिनिटांच्या आत विसरू नका. वरची चार मिनिटं म्हणजे थोडी सवड. हिशेब चोख आहे. प्रत्यक्षात लिनक्स पाच दिवस धरून ठेवतो, तर ॲमेझॉनच्या क्लाउडमधला नॅट गेटवे ३५० सेकंदांत विसरतो आणि ॲझ्युरचा लोड बॅलन्सर, त्याला वेगळं काही सांगितलं नसेल तर, चार मिनिटांत. दोन तासांची विचारपूस तिथे कुठून पुरणार? यूडीपीला तर कनेक्शन ही कल्पनाच नाही, म्हणून राउटर अंदाजाने चालतो. मापदंड किमान दोन मिनिटांचा, आणि लिनक्स उत्तर न आलेली नोंद ३० सेकंदांत काढून टाकतो.

आता थोडं आडवाटेला जातो, कारण ही आडवाट पुस्तकातली मला सर्वांत मोलाची वाटली. राउटरला टीसीपी आणि यूडीपी कळतात. तिसरंच काही आलं तर? असे तिसरे दोन होते. एससीटीपी, २०००चा, क्रमांक १३२, आणि डीसीसीपी, २००६चा, क्रमांक ३३. पहिला मुळात टेलिफोनच्या संदेशांसाठी, दुसरा आवाज-चित्रासारख्या वाहतुकीसाठी, जिथे उशिरा आलेलं पॅकेट फुकट असतं पण रस्त्यावरची गर्दी तर सांभाळायचीच असते. दोन्ही विचारपूर्वक घडवलेले. यांना न ओळखणाऱ्या राउटरमागून डीसीसीपीचं कनेक्शन लावून पाहिलं, तर काय दिसतं? आतल्या बाजूला टीसीपीडम्प हे पॅकेटं टिपणारं साधन लावलं तर विनंतीचं पॅकेट निघालेलं दिसतं. राउटरच्या बाहेरच्या बाजूला तेच पॅकेट, पत्ता बदललेला, पोर्ट होते तसेच. सर्व्हरवर लावलं तर तिथेही पोचलेलं. आणि सर्व्हर ढिम्म. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. इथे दहापैकी नऊ जण फायरवॉलला दोष देऊन मोकळे होतील. खरं कारण चेकसम. राउटरला हा प्रोटोकॉल कळत नाही, म्हणून त्याने फक्त आयपी पत्ता बदलला. डीसीसीपीच्या चेकसममध्ये टीसीपीप्रमाणेच पत्ते मिसळलेले असतात, ते जुन्याच पत्त्याचे राहिले. सर्व्हरच्या हिशेबात पॅकेट खराब, आणि खराब पॅकेटला उत्तर द्यायचं नसतं.

त्याच राउटरमधून एससीटीपी मात्र निघून जातो! त्याची तपासणी सीआरसी पद्धतीची, आणि तिच्यात आयपी पत्ते धरलेलेच नाहीत. म्हणून पत्ता बदलला तरी आकडा बरोबर राहतो. आनंद फार टिकत नाही. घरातल्या दुसऱ्या यंत्राने त्याच सर्व्हरला एससीटीपीने गाठायचा प्रयत्न केला की अडतं, कारण राउटरला यातले पोर्ट वाचता येत नाहीत. आलेलं उत्तर दोघांपैकी कोणाचं, हे ठरवायला त्याच्याजवळ काही नसतं. "एकट्याचं चालतं, दोघांचं चालत नाही" ही तक्रार कानावर आली की पोर्टच्या ओळखीचा संशय घ्यावा, हे सूत्र या उदाहरणातून जितकं पक्कं बसतं तितकं व्याख्येने बसत नाही.

याच जागी आणखी एक सावधगिरी. सर्व्हरवर पकडलेल्या पॅकेटचा चेकसम चुकलेला दिसला तर तो खरोखर चुकलेला असतो. पण पाठवणाऱ्या यंत्रावरच पकडलं तर जवळजवळ प्रत्येक पॅकेट चुकलेलं दिसतं, कारण हल्ली चेकसम काढायचं काम नेटवर्क कार्डाकडे असतं आणि टीसीपीडम्प पॅकेट कार्डापर्यंत पोचण्याआधीच टिपून घेतो. या भासापायी चांगलं कार्ड बदललेले लोक आहेत.

लिनक्सचे राउटर पुढे हे दोन्ही प्रोटोकॉल शिकले. व्हायचा तो उशीर झालाच होता. घरोघरचे राउटर कोण बदलणार? डीसीसीपी यूडीपीच्या पोटात घालून न्यायची रीत २०१२ला लिहिली गेली, एससीटीपीची २०१३ला. डीसीसीपी वापरणारं फारसं कोणी उरलं नाही, आणि २०२५ साली लिनक्सच्या गाभ्यातून त्याचा मूळ कोडच काढून टाकण्यात आला. एससीटीपी दोन ठिकाणी टिकला : मोबाइलच्या मनोऱ्यांपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत, जिथे मध्ये घरगुती राउटर नसतो, आणि ब्राउझरच्या व्हिडिओ कॉलमधल्या डेटा वाहिनीत, जिथे तो यूडीपीच्या आत दडून जातो. आणि गूगलने २०१२च्या सुमारास हाती घेतलेला, मे २०२१मध्ये आरएफसी ९००० म्हणून प्रमाण झालेला क्विक? त्याने पहिल्या दिवसापासून यूडीपीचाच वेश घेतला, स्वतःचं जवळजवळ सगळं गुपित ठेवलं, आणि कनेक्शनची ओळख पत्त्यापासून तोडून स्वतंत्र क्रमांकात ठेवली. नॅटने मध्येच पोर्ट बदलला तरी क्विकचं बोलणं चालू राहतं. १९८१मध्ये जी गाठ बसली होती ती अशी चाळीस वर्षांनी सुटली. राउटर समजूतदार होईल म्हणून थांबलेले मागे पडले आणि ज्यांनी ती आशाच सोडली त्यांचं निभावलं, असा मी या इतिहासाचा अर्थ लावतो. लेखिका इतकं स्पष्ट म्हणत नाही.

राउटरवर येणारं प्रत्येक बालंट खरं असतंच असंही नाही. एका ऑफिसातून काही जणांना एक संकेतस्थळ उघडतं, काहींना नाही, आणि कोणाला उघडेल ते तासागणिक बदलतं. नॅटच बिघडलाय, हे सर्वांचं एकमत. पॅकेटं पाहिली तर राउटर आपलं काम चोख करतोय, कनेक्शन मागणारं पॅकेट सर्व्हरवर पोचतंय आणि सर्व्हर ते गिळून टाकतोय. लिनक्सच्या सर्व्हरवर जुनी कनेक्शनं झटपट निकालात काढण्याची एक कळ होती, टीडब्ल्यू-रीसायकल. ती चालू केली की सर्व्हर एका पत्त्यावरून येणाऱ्या पॅकेटांचे कालशिक्के सतत वाढतेच असले पाहिजेत असं धरून चालायचा. पण नॅटमागे वीस यंत्रं, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, पत्ता मात्र एकच. मागे पडलेल्या घड्याळाचं पॅकेट म्हणजे शिळं, टाका. सर्व्हर वेगवान करण्याच्या सल्ल्यांमध्ये ही कळ वर्षानुवर्षं बिनदिक्कत सुचवली गेली. अखेर २०१७च्या ४.१२ आवृत्तीत लिनक्सने ती काढूनच टाकली. अजूनही जुन्या सर्व्हरवर ती भेटते.

तसंच मोठ्या पॅकेटांचं. कनेक्शन लागतं, लॉगिन होतं, आणि मोठी यादी मागितली की सगळं थिजतं. पीपीपीओईच्या लाइनवर आठ बाइट आवरणात जातात, म्हणून १५००ऐवजी १४९२च मावतात. हे पाठवणाऱ्याला कळवणारा आयसीएमपीचा निरोप कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली अडवून ठेवलेला असतो. उपाय सोपा, राउटरवर टीसीपीचा तुकडा १४५२ला बांधून टाकायचा. यातही नॅटचा दोष नाही, पण शिव्या त्यालाच पडतात.

हे सगळं आत्ता का वाचायचं, असा प्रश्न पडेल. पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ला संपला, आपल्या आशिया-प्रशांत विभागाची गंगाजळी त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या हप्त्यावर आली. तेव्हापासून सेवा देणाऱ्या कंपन्यांनीही स्वतःचा नॅट बसवला. घरातल्या राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान दिसला, तर समजावं की आपल्यावर आणखी एक नॅट आहे. सुमारे ४२ लाख पत्त्यांचा हा पट्टा एप्रिल २०१२मध्ये खास याचसाठी राखून ठेवला गेला. आपल्याकडच्या तक्रारींचा ढीग इथून सुरू होतो. शेतावर किंवा दुकानात कॅमेरे बसवले, डीव्हीआरसाठी राउटरवर पोर्ट उघडला, फोनवर दिसत नाही. बसवणारा पुन्हापुन्हा तोच पोर्ट उघडतो. पण घरचा राउटर वरच्या राउटरला सांगणार कसा? तिथे आपल्याला हातच नाही. एका मिनिटाची तपासणी आहे : राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा आपला पत्ता, दोन्ही ताडून पाहायचे. एकच असतील तर पोर्टच्या मागे लागा. वेगळे असतील तर पोर्ट उघडण्यात आयुष्य घालवू नका, वेगळा पत्ता विकत घ्या किंवा आतून बाहेर जाणारा बोगदा करा.

सहावी आवृत्ती आली म्हणजे हे संपेल, असं लेखिकेला वाटतं. मला तितकं वाटत नाही. भारत तिच्या वापरात जगातल्या पुढच्या देशांत आहे, मोबाइलवर तर ती सर्रास आहे, आणि तरीही जुन्या संकेतस्थळांपर्यंत पोचायला तिथेही भाषांतर लागतंच, चारचं सहात आणि सहाचं पुन्हा चारात. पत्ते मुबलक झाले तरी राउटरवरचा फायरवॉल नोंदी ठेवणारच, त्या नोंदींनाही मुदत असणार, आणि गप्प कनेक्शनं तशीच मरणार. खाडाखोड थांबेल, नोंदवही राहील. आमचा दुसरा मतभेद मदतनिसांवरून. ते सरसकट बंद करावेत असं तिचं म्हणणं. सिपच्या बाबतीत पूर्ण मान्य. पण कारखान्यांत वीस-वीस वर्षांची यंत्रं आहेत, त्यांना जुन्या वळणाचा एफटीपीच तेवढा येतो आणि ती बदलण्याचा खर्च कोणी मंजूर करत नाही. तिथे एफटीपीचा मदतनीस, नेमक्या त्या यंत्रापुरता, चालू ठेवण्यात मला कमीपणा वाटत नाही.

पुस्तकाची पद्धत एका वाक्यात सांगण्यासारखी आहे : दोन्ही बाजूंना एकाच वेळी पकडा, मध्ये राउटरची नोंद पाहा, आणि तिन्ही ताडून पाहिल्याशिवाय तोंड उघडू नका. एकाच बाजूचं चित्र पाहून केलेलं निदान लेखिका निदान मानतच नाही. सरावासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. एका साध्या लॅपटॉपवर लिनक्सच्या नेमस्पेसच्या सोयीने तीन वेगळी नेटवर्कं उभी राहतात, एक घर, एक राउटर, एक सर्व्हर, आणि मग वाचकाने स्वतःच्या हाताने बिघाड करायचे. नोंदीची मुदत वीस सेकंदांवर आणायची आणि गप्प बसून पाहायचं. आयसीएमपी अडवायचा. नोंदवहीची कमाल मर्यादा दहावर आणायची आणि अकराव्या कनेक्शनला काय होतं, राउटरच्या लॉगमध्ये वही भरल्याचा संदेश कसा येतो, ते टिपायचं. वायरशार्कचा उपयोग भरपूर आहे, पण आधी टीसीपीडम्पच्या ओळी डोळ्यांनी वाचायला लावल्या आहेत. काहींना हा हट्ट वाटेल. रात्री अडीचला दूरच्या शाखेच्या राउटरवर काळ्या पडद्याशिवाय काही नसतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना वाटणार नाही.

काही गोष्टी पुस्तकात नाहीत. आयपीसेक आणि नॅट यांचं जुनं वैर दोन परिच्छेदांत आटोपलं आहे, त्यावर खरं तर वेगळं पुस्तक लागेल. निरनिराळ्या कंपन्यांच्या राउटरांवरची बटणं कुठे आहेत याची चित्रंही नाहीत, कारण फर्मवेअर बदललं की बटणं हलतात. भाषा कामावरची आहे : पॅकेट, पोर्ट, टाइमआउट, रीसेट असेच शब्द आहेत. लेखिकेने जागोजागी वाचकाला थांबवून आधी स्वतः अंदाज लिहायला सांगितलं आहे आणि उत्तर पान उलटल्यावर दिलं आहे. डीसीसीपीच्या त्या प्रयोगापाशी तरी पान लगेच उलटू नये.